ट्रॅक्टर आधी सुटला: एका गुन्ह्यातले दोन आरोपी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, पैनगंगेच्या काठचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावांऐवजी 'मालक' आणि 'मजूर' एवढंच लिहितो. मी तालुका विधी सेवा समितीच्या, म्हणजे गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी व्यवस्थेच्या, पॅनेलवरचा वकील आहे. यात माझ्याही चुका आहेत, त्या जिथल्या तिथे सांगितल्या आहेत.

पार्श्वभूमी

मजूर २३ वर्षांचा, कोलाम. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन आदिम जमाती धरल्या जातात. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. याचं पोड गावापासून अडीच किलोमीटर आत. घरी आई, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. वडिलांच्या नावे वनहक्काचा तीन एकरांचा पट्टा. वडील वारले, फेरफार झालेला नाही. दिवाळीच्या आसपास कापूस वेचायला जायचं, किलोमागे दहा-बारा रुपये. उरलेल्या दिवसांत रात्री रेती भरायची, दोन खेपांचे पाचशे.

मालकाचं गावात कृषी केंद्र. काका पूर्वी जिल्हा परिषदेत होते. दोन ट्रॅक्टर, एक पिकअप, चाळीसेक एकर ओलिताची जमीन. गावातली निम्मी माणसं त्याच्याकडून बियाणं-खत उधारीवर घेतात आणि कापूस निघाला की फेडतात. त्याच्याबद्दल गावात कुणी वाईट बोलत नाही. अर्थात, वाईट बोलून पुढच्या हंगामाची उधारी कोण गमावेल?

घटना

२०२४ चा दसरा झाला, त्यानंतरच्या आठवड्यात रात्री साडेअकराच्या सुमारास तलाठी आणि दोन कोतवाल घाटावर गस्तीला गेले. ट्रॉली रेतीने अर्धी भरलेली होती. तलाठ्याने मोबाईलवर चित्रण सुरू केलं. ड्रायव्हर आणि दोन मजूर अंधारात नदी ओलांडून पलीकडे, म्हणजे तेलंगणात गेले. आमचा मजूर फावडं घेऊन ट्रॉलीवर उभा होता, तो तिथेच राहिला. पंधरा मिनिटांत मालक मोटरसायकलवर आला. बाचाबाची झाली, तलाठ्याची कॉलर धरली गेली, फोन पाण्यात गेला, खांद्याला मुका मार लागला. फिर्यादीत पहिलं नाव मालकाचं, दुसरं मजुराचं. मजुरावर आरोप असा की त्याने फावडं उगारून कोतवालांना पुढे येऊ दिलं नाही.

भारतीय न्याय संहितेची कलमं लागली: ३०३(२) चोरी, १३२ आणि १२१(१) लोकसेवकावर हल्ला व दुखापत, ३(५) समान इरादा. दोघांनाही तीच. सगळ्यांत जास्त शिक्षा पाच वर्षांची.

हा पाचाचा आकडा महत्त्वाचा आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, आधी हजर राहण्याची नोटीस द्या, अटक केलीच तर कारण लिहा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात सांगितलं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. म्हणजे कायद्याने दोघांनाही नोटीस देता आली असती. प्रत्यक्षात एकाला त्याच रात्री जीपमध्ये घातलं आणि दुसरा 'मिळून आला नाही'. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कृषी केंद्राचं शटर नेहमीसारखं वर गेलं. मला हे ठाऊक आहे, कारण माझ्या भावाने त्या दिवशी तिथूनच हरभऱ्याचं बियाणं आणलं.

पहिली पेशी

दुसऱ्या दिवशी दुपारी मजुराला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं. त्याच्या वतीने एक वकील उभे राहिले, आमच्याच बारमधले, चांगले वकील. वकीलपत्रावर मजुराचा अंगठा होता. फी कोणी दिली हे विचारायची गरज नव्हती. ते मालकाचे वर्षानुवर्षांचे वकील.

त्या दिवशी रिमांड वकील, म्हणजे पहिल्या पेशीला वकील नसलेल्या आरोपीसाठी उभा राहणारा विधी सेवेचा वकील, म्हणून ड्यूटी माझी होती. मी त्याच बाकावर, दोन हात अंतरावर बसलो होतो. आरोपीला खाजगी वकील आहे म्हटल्यावर रिमांड वकिलाचं काम संपतं, अशी आमच्याकडे समजूत आहे. मी पुढची फाइल उघडली. एक प्रश्न विचारता आला असता, 'तुझा वकील कोण आहे, तुला माहीत आहे का?' तो मी विचारला नाही. नंतर कारागृहात विचारला तेव्हा तो म्हणाला, "मालकाचा हाय."

दोन दिवसांची पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी आणि जिल्ह्याचं कारागृह, नव्वद किलोमीटर दूर. सहाव्या दिवशी जामीन अर्ज फेटाळला गेला. कारण दोन ओळींचं: तपास अपूर्ण आहे आणि सहआरोपी फरार आहे.

याचा अर्थ जरा थांबून बघा. मालक हाती लागत नाही म्हणून मजूर आत. आणि या मजुराचा अर्ज मांडणारा वकील 'फरार' आरोपीचाही वकील. मालक कुठे आहे हे त्या खोलीत ज्याला नक्की माहीत होतं, त्याला ते सांगता येत नव्हतं. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आठव्या दिवशी सत्र न्यायालयाने मालकाला अंतरिम अटकपूर्व जामीन दिला: २५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. नवव्या दिवशी तो वकिलासोबत ठाण्यात गेला. कागदोपत्री अटक, कागदोपत्री सुटका, मधे चहा. अटकपूर्व जामिनात मुचलका तपास अधिकाऱ्यासमोर होतो, न्यायालयात नाही. जामीनदार म्हणून दुकानाचा मुनीम. आधारची झेरॉक्स, सातबारा, सही. अर्ध्या तासात काम झालं.

तेव्हापासून 'सहआरोपी फरार' हे कारण उरलं नव्हतं. परिस्थिती बदलली म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे दुसऱ्याच दिवशी नवा अर्ज देता आला असता. कुणी दिला नाही. मग दिवाळीची सुट्टी लागली.

प्रकरण माझ्याकडे कसं आलं

सतराव्या दिवशी विधी सेवेच्या स्वयंसेविका कारागृहात नेहमीच्या भेटीला गेल्या. त्यांच्याकडे एक छापील तक्ता असतो: नाव, गुन्हा, वकील आहे का, तारीख माहीत आहे का. मजुराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "वकील आहे म्हणतो. नाव माहीत नाही. घरचं कोणी भेटायला आलेलं नाही." या तीन वाक्यांवरून त्यांनी मला फोन केला. त्या नसत्या तर ही हकीकत इथे लिहिली गेली नसती.

एकोणिसाव्या दिवशी मी वकीलपत्र घेतलं. आधीच्या वकिलांनी ना-हरकत दिली, थोडी कुरकुर करून. "मी त्याच्यासाठी एक पैसा घेतलेला नाही," असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं.

इथे एक गोष्ट नोंदवतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता. हा मजूर दोन्ही बाजूंनी पात्र होता, पहिल्या तासापासून. तरी त्याला स्वतःचा वकील मिळायला एकोणीस दिवस लागले.

एकच आदेश

सत्तावीसाव्या दिवशी सत्र न्यायालयात लागोपाठ दोन अर्ज निघाले. मालकाचा अंतरिम जामीन कायम झाला. मजुराला नियमित जामीन मिळाला: २५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. शब्द तेच, आकडा तोच. टंकलेखकाने वरचा परिच्छेद उचलून खाली ठेवला असावा, कारण टंकनातली एक चूकसुद्धा दोन्हीकडे सारखी होती.

कुणी म्हणेल, आता तरी समान वागणूक झाली. त्या दिवशी मलाही तसंच वाटलं. न्यायाधीशांनी भेद केला नाही, सरकारी वकिलांनी केला नाही. मी घरी जाताना मजुराच्या आईला पोलीस पाटलाच्या फोनवर कळवलं, "सुटला तुमचा मुलगा. फक्त एक जामीनदार आणा."

त्या 'फक्त' चे ३४ दिवस झाले.

जामीनदार का मिळाला नाही

आई पहिल्यांदा घेऊन आली तो वनहक्काचा पट्टा. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. लिपिकाने तो नीट वाचला आणि परत केला. २००६ च्या वनहक्क कायद्यात हा हक्क वारसाने जातो, पण विकता येत नाही, हस्तांतरित होत नाही. जप्त करून रक्कम वसूल होणार नसेल तर ती ऐपत कसली? लिपिकाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आदिवासीची जमीन लुबाडली जाऊ नये म्हणून कायद्याने तिच्याभोवती कुंपण घातलं, आणि तेच कुंपण जामिनाच्या टेबलावर आडवं आलं.

मग तिने चुलत दिराला आणलं. त्याचा सातबारा भोगवटादार वर्ग दोनचा, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचा. तोही परत.

तिसऱ्यांदा नदीपलीकडून मजुराचा मामा आला, आदिलाबाद जिल्ह्यातला. जमीन चांगली चार एकर. पासबुक तेलुगूत. ते कुणालाच वाचता येईना, आणि वाचता आलं असतं तरी 'स्थानिक जामीनदार पाहिजे' असं उत्तर तयार होतं. मामाचं घर पोडातून पायी दीड तासावर आहे. आमचं न्यायालय त्याहून लांब.

गावात वर्ग एकचा, म्हणजे अशी अट नसलेला सातबारा असलेले शेतकरी पुष्कळ. त्यांतल्या पाच जणांकडे आई गेली. कुणी नाही म्हटलं नाही. एक म्हणाला कापूस मोजायचा आहे, एक म्हणाला मुलाला विचारतो, एकाने तारीख दिली आणि त्या दिवशी तो लग्नाला गेला. खताची उधारी सगळ्यांचीच होती. शिवाय ऐपतीच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि इथे फिर्यादी खुद्द तलाठी. त्याने काही अडवलं नाही, तो रजेवर होता. त्याचा साझा (तलाठ्याच्या हद्दीतली गावं) ज्याच्याकडे दिला त्याच्याकडे आधीच दोन साझे, वर विधानसभा निवडणुकीचं काम.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय मालकाकडून आला. आठवडी बाजारात मुनीम आईला भेटला. तिने मला सांगितलं ते तिच्याच शब्दांत: "त्यायनं म्हटलं, जामीनदार आमी देतो, उद्याच पोरगा घरी येते. फक्त बयानात येवढंच सांगाचं का ट्रॅक्टर आपनच नेल्ता, मालकाले मालूम नव्हतं." आईला हे पटत होतं. "साहेब, हो म्हनून टाका ना. लेकरू बापाले इचारते."

वकील म्हणून मी काय करायचं? निर्णय आरोपीचा, आईचा नाही आणि माझाही नाही. मी कारागृहात गेलो. दोन्ही बाजू सांगितल्या: हो म्हटलंस तर उद्या-परवा बाहेर, पण चोरीचा गुन्हा सगळा तुझ्या अंगावर. तो बराच वेळ जाळीचा गंज नखाने खरवडत राहिला. मग विचारलं, "मंग ट्रॅक्टर कोनाचा म्हनतीन?" मी म्हटलं, कागदावर मालकाचाच. तो म्हणाला, "मंग मी नेला कसा? मले तं चालोताच येत नाही." आणि हसला. नाही असं तो म्हणाला नाही. चार-आठ दिवस पाहू म्हणाला.

दुसरा पर्याय रोख रकमेचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९० खाली जामीनदाराऐवजी रोख ठेव देता येते. आईकडे दोन शेळ्या होत्या. त्या विकून दहा-अकरा हजार झाले असते. बाकीचे व्याजाने. मी तिला थांबवलं. हेतू चांगला होता, पण रक्कम कमी करून दहा हजार रोख घ्यावी असा अर्ज देण्याचं मला तेव्हा सुचलं नाही. तो दिला असता तर कदाचित आठवड्यात काम झालं असतं. शेळ्या गेल्या असत्या, हेही खरं.

तिसरा, केंद्राची गरीब कैद्यांसाठीची मदत योजना. २०२३ पासून आहे. कच्च्या कैद्याला, म्हणजे खटल्याचा निकाल लागलेला नाही अशा कैद्याला, जामिनाच्या रकमेसाठी तेव्हा ४०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने मंजूर करायची. मी यावर भिस्त ठेवली. आचारसंहिता, मतदान, मतमोजणी या सगळ्यात समितीची बैठक लागली नाही. लागली तेव्हा अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही म्हणून शेरा आला. योजना कागदावर नीट आहे. माझी चूक अशी की दुसरं काही न करता मी तिच्या भरवशावर बसलो.

चौथा पर्याय न्यायालयाच्या आवाराबाहेर चहाच्या टपरीवर उपलब्ध असतो. पैसे घेऊन जामीन राहणारी माणसं. नाव मी घेणार नाही, पण प्रत्येक तालुक्याला माहीत असतात. एकच सातबारा किती आरोपींना पुरतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आईला कुणीतरी तिकडे पाठवलंही होतं. सात हजार मागितले. मी सरळ नाही म्हटलं. मात्र जी व्यवस्था खऱ्या मामाला परत पाठवते आणि भाडोत्री मामाला चालवून घेते, तिचं नवल वाटल्याशिवाय राहिलं नाही.

पाचवा पर्याय, अट बदलून मागणं. कलम ४८४ म्हणतं की मुचलक्याची रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, अवाजवी नसावी, आणि सत्र न्यायालय ती कमी करू शकतं. हा पर्याय पहिल्या दिवसापासून माझ्या हातात होता. मी तो शेवटी वापरला.

दरम्यान

एकेचाळीसाव्या दिवशी ट्रॅक्टर सुटला.

त्याची गोष्ट सरळ आहे. जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात सडवत ठेवू नका, लवकर परत करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय आणि खालची न्यायालयं ते मनापासून पाळतात. मालकाने महसूलचा दंड भरला, आरसी बुक आणि विमा जोडला, अर्ज दिला. फोटो काढून, विकणार नाही, रंग बदलणार नाही, बोलावलं की हजर करीन असं लिहून घेऊन ट्रॅक्टर सुपूर्तनाम्यावर परत दिला. मुचलका मालकाचा स्वतःचा. वेगळा जामीनदार मागितला नाही.

त्या आदेशात एक वाक्य होतं: वाहन उन्हापावसात पडून राहिल्यास त्याचं मूल्य घटेल. मी त्याची नक्कल काढून घेतली. त्याच संध्याकाळी बसून अट बदलण्याच्या अर्जाचा मसुदा सुरू केला. खोटं कशाला सांगू, कायद्याच्या अभ्यासाने नाही, रागाने. तरी तो दाखल करायला आणखी दोन आठवडे गेले, कारण योजनेच्या बैठकीची आशा होती.

अर्ज आणि आदेश

पंचावन्नाव्या दिवशी दोषारोपपत्र दाखल झालं. त्यात मजूर आरोपी क्रमांक एक आणि मालक क्रमांक दोन. फिर्यादीत क्रम उलटा होता. अटकेच्या क्रमाने नंबर पडतात, असं सांगण्यात आलं.

छप्पन्नाव्या दिवशी मी अर्ज दिला. आधार मुख्यतः दोन. पहिला सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश. मोतीराम गवंडी होता. दंडाधिकाऱ्यांनी त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाला नाकारलं, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विचारलं होतं की दक्षिणेतला माणूस बस्तर किंवा पोर्ट ब्लेअरला पकडला गेला तर तिथे मालमत्ता असलेला जामीनदार तो आणणार कुठून. मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडलं. आमचा मामा तर नदी ओलांडून आला होता. सेहेचाळीस वर्षांपूर्वी निकाली निघालेला प्रश्न त्याच रूपात माझ्या फाइलीत बसला होता.

दुसरा आधार ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, महिन्याभरात मुचलका झाला नाही तर न्यायालयाने आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे. कारागृहाने पत्र पाठवलं होतं, जामिनाच्या आदेशानंतर नवव्या दिवशी. ते जिल्ह्यातून तालुक्याला यायला बारा दिवस लागले आणि माझ्या टपालात आणखी पाच दिवस पडून राहिलं.

अर्जासोबत पट्ट्याची प्रत, रेशनकार्ड, ग्रामसभेचा रहिवासाचा दाखला, मामाचं शपथपत्र आणि ट्रॅक्टरच्या सुपूर्तनाम्याची नक्कल जोडली. सरकारी वकिलांनी विरोध नोंदवला, जोर लावला नाही. न्यायाधीशांनी नक्कल वाचली, चष्मा काढला आणि मला विचारलं, "हे आधी का आणलं नाही?" उत्तर नव्हतं.

साठाव्या दिवशी आदेश झाला: १५,००० चा जातमुचलका, जामीनदार नको, महिन्याच्या पहिल्या रविवारी ठाण्यात हजेरी. एकसष्टाव्या दिवशी संध्याकाळी सातला तो फाटकाबाहेर आला. शेवटची एसटी गेलेली. रात्र बसस्थानकावर काढली. आईला घ्यायला बोलावलं नव्हतं, आम्हीही कळवलं नव्हतं.

काय झालं, काय गेलं

वेचणीचा हंगाम गेला. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती, ती संक्रांतीनंतर परतली. शेळ्या वाचल्या.

हजेरीची अट दोघांनाही आहे. मजूर पहिल्या रविवारी चौदा किलोमीटर जातो, ठाणे अंमलदार येईपर्यंत बाहेर उभा राहतो, अंगठा देतो, परत येतो. एक दिवसाची मजुरी बुडते. फेब्रुवारीत मी ते रजिस्टर पाहिलं. मालकाच्या नावासमोर एप्रिलपर्यंतच्या सह्या होत्या.

फिर्यादी तलाठी एकदा न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटला. त्याला मजूर दोन महिने आत होता हे माहीतच नव्हतं. "मी तर मालकाचं नाव पहिलं लिहिलं होतं हो," म्हणाला.

वेगळं काय करता आलं असतं

मालकाला आत टाकायला हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे गाडीच्या धडकेत दोन जण मेले आणि अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राची मागणी होती की मोठ्यांच्या मुलांनाही तसंच डांबा. तिथे रक्ताचे नमुने बदलल्याचं बाहेर आलं, तो वेगळाच गुन्हा. आमच्या प्रकरणात कुणी काही बदललं नाही, पैसे दिल्याचाही पुरावा नाही. मालकाला मिळालं ते बहुतेक कायदेशीरच होतं: नोटिशीची वेळ, हवा तेव्हा वकील, स्वतःच्या सोयीने हजर होणं, विश्वास टाकणारं न्यायालय. मजुराला ते मिळालं नाही, तक्रार तेवढीच. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे. त्यातले किती जण खिशात जामिनाचा आदेश ठेवून आत बसले असतील, असा प्रश्न मला आता पडतो.

माझ्या कामात मी तीन बदल केले. रिमांडला उभा राहणारा खाजगी वकील कुणाचा आहे, हे मी आरोपीला बाजूला घेऊन विचारतो. दोन-तीन सहकारी यावर नाराज आहेत. दुसरं, गरीब आरोपीच्या जामीन अर्जातच 'जामीनदाराशिवाय, जातमुचलक्यावर' अशी पर्यायी विनंती लिहितो आणि जमिनीचा प्रकार नमूद करतो: वनपट्टा, वर्ग दोन, भूदान, जे असेल ते. आदेश झाल्यावर अट बदलून घेण्यापेक्षा आधी सांगणं सोपं पडतं. तिसरं, आदेशानंतर आठव्या दिवसाची तारीख डायरीत लाल शाईने.

अटकेच्या कारणांबद्दलही बोलायला हवं. त्या रात्री मजुराला काय सांगितलं, कुठल्या भाषेत, हे कागदावर कुठेच नाही. एक छापील नमुना आणि खाली अंगठा. त्याची घरची भाषा कोलामी. ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अटकेची कारणं प्रत्येक गुन्ह्यात लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी तरी. खंडपीठ तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांचं, ते आमच्या अमरावतीचे. आणि प्रकरण कुठलं, तर वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताचं. मोठ्या घरच्या आरोपीला परवडणाऱ्या वकिलांनी लढून मिळवलेला हा हक्क आता पोडातल्या माणसाच्या कामी येऊ शकतो. मी त्यावर दोन अर्ज केले आहेत. कोलामीत कारणं कोण लिहिणार, ती भाषा बहुतेक कुणी लिहीत नाही, यावर ठाणेदारांशी माझी चर्चा चालू आहे. ते म्हणतात दुभाषा आणू. दुभाषा म्हणून त्यांनी सुचवलेला माणूस मालकाकडे कामाला आहे.

सध्या

खटला साक्षीपुराव्यापर्यंत आलेला नाही. गेल्या तारखेला मालकाच्या वकिलांनी गैरहजेरी माफीचा अर्ज दिला, कारण पेरणी. मंजूर झाला. शिपायाने पुकारलं, तेव्हा आरोपी क्रमांक एक दाराशी हजर होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काम कुठे चाललंय? मालकाकडेच, म्हणाला. बियाण्याची पोती उतरवायची. येताना एसटी मिळाली का म्हटलं, तर मानेनेच नाही म्हणाला आणि रस्त्याकडे हात केला. कडुलिंबाखाली ट्रॅक्टर उभा होता, खताची पोती भरलेला. रंग अर्थातच तोच.